जबडा अडकला, ओपीजी नॉर्मल : आता सीबीसीटी की एमआरआय?

कृष्णाकाठची | २१ जानेवारी, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. जबड्याच्या सांध्याचा त्रास झालेले किंवा त्यातले जाणकार कुणी असतील तर मदत हवी आहे.

मी कराडजवळच्या एका गावात शिक्षिका आहे, वय ४१. गेली दोन वर्षं जांभई दिली की उजव्या कानासमोर 'कट्' असा आवाज यायचा. दुखत काहीच नव्हतं, म्हणून सोडून दिलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेतावर दातांनी सोलून ऊस खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडच उघडेना. ब्रश कसाबसा आत गेला. आवाज मात्र तेव्हापासून एकदम बंद. सासूबाई म्हणाल्या, चला, आवाज तरी गेला.

कान ठणकत होता म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. कान स्वच्छ निघाला. मग दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडा एकत्र दिसणारा एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल आहे, स्नायू आखडलाय, गोळ्या घ्या, असं सांगितलं. दुसऱ्या दवाखान्यात म्हणाले सीबीसीटी (कोन बीम सीटी, तोही क्ष-किरणांचाच) करा, त्यात थ्रीडी दिसतं. पुण्याचा भाचा फिजिओथेरपी शिकतोय, तो म्हणतो मावशी, थेट एमआरआय कर. तिघांची तीन मतं. एमआरआयचे सात हजारांच्या पुढे सांगितलेत, शिवाय पुण्याला जावं लागेल. शाळेत दिवसभर बोलायचं असतं, संध्याकाळपर्यंत कानशील भरून येतं.

एक्स-रे नॉर्मल आहे तर मग दुखतंय काय? आणि यातली कुठली तपासणी कशासाठी असते, हे कुणी नीट समजावेल का?

गवतीचहा | २१ जानेवारी, रात्री ९.३२

तपासणीचं माहीत नाही, पण तोपर्यंत भाकरी दुधात कुस्करून खा, ऊस-चिक्की बंद, आणि जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. मला याने खूप आराम पडला होता.

दंतरेषा | २१ जानेवारी, रात्री १०.१५

मी नाशिकला असते, ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजीत एमडीएस, म्हणजे तोंडाचे आजार आणि दात-जबड्याचे एक्स-रे, स्कॅन बघणारी दंतवैद्य. ताई, तुमच्या सगळ्या लिहिण्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते 'आवाज एकदम बंद' हे.

खालच्या जबड्याच्या हाडाचं वरचं टोक, म्हणजे कॉन्डाइल, कानाच्या अगदी पुढे कवटीतल्या खोबणीत बसतं. बोट कानासमोर ठेवून तोंड उघडमीट करा, हाताला लागेल. त्या दोन हाडांमध्ये एक चिवट चकती असते, मधे पातळ आणि दोन्ही कडांना जाड. बाजूने बघितली तर डमरूसारखी दिसते. तोंड उघडताना कॉन्डाइल आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे घसरतं, आणि चकती त्याच्यासोबत सरकते. ही चकती आधीच पुढे निसटलेली असली, तर कॉन्डाइलला तिच्या मागच्या जाड कडेवरून चढून तिच्या खाली नीट बसावं लागतं. त्या चढण्याचा तो 'कट्'. मग एके दिवशी, बहुतेकदा कडक काही चावल्यावर किंवा मोठी जांभई दिल्यावर, त्याला चढताच येत नाही. चकती पुढे गोळा होऊन अडसर बनते. आवाज थांबतो आणि तोंड उघडणंही तिथेच थांबतं. याला आम्ही क्लोज्ड लॉक म्हणतो. तपासल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण तुमची हकिकत त्याच वळणाची आहे.

आता ओपीजी. त्यात दात, अक्कलदाढ, फ्रॅक्चर, हाडातली गाठ, आणि कॉन्डाइल फारच झिजलं असेल तर ते, एवढं कळतं. तुमचा नॉर्मल आला म्हणजे यातलं काही मोठं नाही. चकतीबद्दल मात्र त्यातून काहीही ठरत नाही, कारण ती क्ष-किरणांना दिसतच नाही. सीबीसीटीतही दिसत नाही. सीबीसीटी हाडासाठी उत्तम: पृष्ठभागावरचे खड्डे, कडेला वाढलेले काटे, चपटं झालेलं कॉन्डाइल, सगळं मिलिमीटरच्या आत दिसतं. चकती, सांध्यातलं पाणी, आजूबाजूचे स्नायू बघायचे तर एमआरआयच.

पण लगेच गाडी काढून पुण्याला निघू नका. आधी मला सांगा, तोंड किती उघडतं? वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजा. आणि उघडताना हनुवटी कुठल्या बाजूला जाते ते आरशात बघा.

कृष्णाकाठची | २१ जानेवारी, रात्री १०.४०

डॉक्टर, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजलं. २४ मिलिमीटर. हनुवटी उजवीकडे वळते. इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

सडेतोड सांगलीकर | २२ जानेवारी, सकाळी ७.५०

माझं मत कडू वाटेल, पण अनुभवाचं आहे. आईचा जबडा दुखायचा. एका ठिकाणी सीबीसीटी, दुसरीकडे एमआरआय, सगळं मिळून पंधरा हजार गेले. शेवटी काय दिलं? मऊ खा, शेक घ्या, व्यायाम करा, रात्री दातांवर प्लेट लावा. हे पहिल्याच दिवशी देता आलं असतं. त्या दोन फाइली बघून इलाजात काय बदललं, हे मी तीनदा विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही. शेतकऱ्याच्या घरात पंधरा हजार म्हणजे खताचे पैसे असतात.

दंतरेषा | २२ जानेवारी, दुपारी १.०५

@सडेतोड, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि तो तपासणी लिहून देणाऱ्या प्रत्येकाला विचारायलाच हवा. मी स्वतः ह्याच विषयातली आहे, तरी सांगते: नुसता 'कट्' वाजतोय, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, अशा माणसाला कुठलंही स्कॅन लागत नाही. काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून बघितले गेले आहेत. त्यात साधारण एक-तृतीयांश लोकांची चकती जागेवरून सरकलेली सापडली. ते सगळे मजेत चकल्या खात होते. म्हणजे चित्रात चकती सरकलेली दिसली म्हणून तिच्यामुळेच दुखतंय असं होत नाही.

या आजारांच्या निदानाचे जागतिक निकष, डीसी-टीएमडी, २०१४ साली आले. त्यात हाताने तपासून केलेलं निदान आणि स्कॅन यांची तुलना आहे. तोंड उघडायला अडथळा असलेला क्लोज्ड लॉक नुसत्या तपासणीने १०० पैकी ८० जणांत पकडता येतो, आणि ज्यांना तो नाही अशा १०० पैकी ९७ जणांना तो नाही असं बरोबर सांगता येतं. स्नायूंचं दुखणं तर हातानेच ओळखायचं असतं, त्याला स्कॅनमध्ये काही दिसत नाही. याउलट सांध्याच्या हाडाची झीज हाताने ओळखणं फार बेभरवशाचं, तिथे सीबीसीटी किंवा सीटीचं खरं काम आहे.

@कृष्णाकाठची, २४ मिलिमीटर आणि हनुवटी दुखऱ्या बाजूला. ४० च्या आत म्हणजे अडथळा समजतात. माझा सल्ला: मुखशल्यचिकित्सक किंवा माझ्या शाखेतल्या कुणाकडून हाताने नीट तपासून घ्या, चार-सहा आठवडे व्यायाम आणि औषध करा. नाही सुटलं, किंवा सांध्यात सुई घालायची वेळ आली, तर त्याआधी एमआरआय. तेव्हा तो पैसा सत्कारणी लागेल.

अणुरेणू | २२ जानेवारी, रात्री ८.२०

वाचनखूण साठवली. सीबीसीटीत रेडिएशन किती असतं? बायकोला दोन वर्षांत दोनदा करायला सांगितलं, म्हणून काळजी वाटते.

मंद प्रकाश | २२ जानेवारी, रात्री ९.०५

मी रुग्णालयांच्या रेडिएशन सेफ्टीत काम करतो. ओपीजीत साधारण १० ते २५ मायक्रोसीव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक). सीबीसीटीचा आकडा यंत्रावर आणि किती भागाचं चित्र घेतलं यावर ठरतो: काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत मायक्रोसीव्हर्ट. चेहऱ्याचा नेहमीचा सीटी त्याहून बराच जास्त असू शकतो. तुलनेला, जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून प्रत्येकाला वर्षाकाठी मिळणारं नैसर्गिक रेडिएशन जगाच्या सरासरीने सुमारे २४०० मायक्रोसीव्हर्ट आहे, म्हणजे दिवसाला साडेसहा. एमआरआय आणि सोनोग्राफीत हा प्रश्नच नाही.

दोनदा झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. पण एक जरूर विचारा: 'फक्त सांध्यापुरतं छोटं चित्र पुरेल का?' अख्ख्या कवटीचं घेतलं की डोस वाढतो. आणि पहिल्या सीबीसीटीची सीडी सोबत न्या, पुष्कळदा दुसरा टळतो.

वऱ्हाडचा पाऊस | २३ जानेवारी, सकाळी ११.१५

धाग्यावर एक गोष्ट आलीच पाहिजे म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ अकोल्याला असतो, वय ३२. त्याचंही तोंड हळूहळू उघडेनासं झालं. तिखट लागलं की आग व्हायची. एका ठिकाणी सांध्याचा एमआरआय काढला, सांधा ठणठणीत. आम्ही खूश. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि लगेच म्हणाले, खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) किती वर्षं खातोस? गालाच्या आत दोरीसारखे पांढरे पट्टे तयार झाले होते. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीमुळे होतं, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. बायोप्सी केली, नशिबाने तसं काही निघालं नाही. पण ते सहा महिने आम्ही गमावले.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण खर्रा आजही पानठेल्यावर घोटून मिळतो, आणि शाळेतली पोरं रांगेत दिसतात. ज्याचं तोंड उघडत नाही त्याला आधी हा प्रश्न विचारा आणि गाल आतून बघा. त्याला टॉर्च आणि बोट पुरतं.

दंतरेषा | २३ जानेवारी, दुपारी २.३०

@वऱ्हाडचा पाऊस, हे तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे 'जबडा जाम झालाय' म्हणून येणाऱ्या तरुण मुलांत हे सारखं दिसतं. भावाला दर काही महिन्यांनी दाखवत राहा, बरं वाटलं तरी.

पिंपळपार | २३ जानेवारी, रात्री ९.४५

मी निवृत्त कान-नाक-घसा तज्ज्ञ. तरुण मंडळींनी इतकं नेमकं लिहिलंय की वाचून समाधान वाटलं. थोडी जुनी आठवण. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेम्स कॉस्टेन हे आमच्याच शाखेचे. १९३४ साली त्यांनी कानाच्या तक्रारी आणि जबड्याचा सांधा यांची सांगड घातली, म्हणून आम्ही शिकताना याला कॉस्टेन सिंड्रोम म्हणायचो. मागच्या दाढा गेल्याने सांधा दबतो ही त्यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही. पण 'कान दुखतो, कान तर चांगला आहे, मग सांधा बघा' ही सवय त्यांनी लावली. धागाकर्तीचा कान स्वच्छ निघाला, तिथेच कानासमोर बोट ठेवून तोंड उघडायला लावायला हवं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एमआरआय रुळण्याआधी चकती बघायला सांध्यात सुईने डाय सोडून एक्स-रेखाली हालचाल बघत, त्याला आर्थ्रोग्राफी म्हणत. दुखायचं, आणि सुई नेमकी टोचायला हात तयार असावा लागे. आता कुणाला त्यातून जावं लागत नाही याचं फार बरं वाटतं.

आणि एक कळकळीची विनंती. लहान मूल हनुवटीवर आपटलं, हनुवटीला टाके पडले, की घरचे टाक्यांकडे बघतात. मार मात्र वर सांध्यापर्यंत पोचतो आणि कॉन्डाइल मोडू शकतं. ते लक्षात आलं नाही तर सांध्याची हाडं एकमेकांना जुळून येतात, अँकिलोसिस होतो. तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढही खुंटते. असली मुलं मी पाहिली आहेत, दुधात भिजवलेला पाव दातांच्या फटीतून सरकवून जगणारी. त्यांच्यासाठी सीटी लागतो, कारण हाड कुठवर जुळलंय हे शस्त्रक्रियेआधी सर्व बाजूंनी कळावं लागतं. हनुवटीवर पडलेल्या मुलाचं तोंड पुढचे काही आठवडे रोज उघडून बघा.

चाफेकळी | २४ जानेवारी, सकाळी १०.००

डॉक्टरकाका, डोळ्यात पाणी आलं. माझ्या मुलीला सातव्या वर्षी लहान मुलांचा संधिवात झाला, गुडघा आणि घोटा. जबड्याबद्दल तिची एकही तक्रार नव्हती. तिच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी आपणहून जबड्याचा कॉन्ट्रास्ट (सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमआरआय करायला लावला आणि दोन्ही सांध्यांत सूज निघाली. या आजारात जबडा दुखत नसतानाही बिघडतो आणि हनुवटी मागे राहते, असं त्यांनी समजावलं. वेळेत औषध बदललं. आता ती अकरा वर्षांची आहे, बोरं खाते, भांडते. सडेतोड दादा, आमच्या बाबतीत त्या चित्राने इलाज बदलला.

सडेतोड सांगलीकर | २४ जानेवारी, दुपारी १२.२०

ताई, लेकीला खूप आशीर्वाद. तुमचं उदाहरण मान्य आहे, पूर्णपणे. माझं म्हणणं एवढंच, की चित्र काढायच्या आधी कारण सांगावं. तुम्हाला सांगितलं, आमच्या आईला नाही सांगितलं.

लीड्सची लेक | २४ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

मी इंग्लंडमध्ये राहते. मला असाच त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी एकही स्कॅन न करता मऊ आहार, शेक, व्यायामाचा कागद, आणि दिवसा दात एकमेकांवर टेकवून न ठेवण्याची सवय एवढंच सांगितलं. मला तेव्हा राग आला होता, आपल्याकडे असते तर लगेच एमआरआय झाला असता असं वाटलं. तीन महिन्यांत बरी झाले. तेव्हा वाट बघणं हाही इलाज असतो, फक्त कधीपर्यंत बघायची ते सांगितलेलं असावं.

गवतीचहा | २४ जानेवारी, रात्री ८.३०

दात एकमेकांवर टेकवून न ठेवण्याची सवय +१. ओठ मिटलेले, दात सुटे. मी फ्रिजवर चिठ्ठी लावली होती. आता घरातले सगळेच ती वाचून जबडा सैल सोडतात.

अवांतर: दुधात कुस्करलेल्या भाकरीवर थोडा गूळ. कंटाळा येत नाही.

नदीकिनारी | २५ जानेवारी, सकाळी ९.२०

सोनोग्राफीने दिसत नाही का? ती गावोगावी आहे, स्वस्त आहे.

दंतरेषा | २५ जानेवारी, दुपारी १.४०

थोडंफार दिसतं. सांध्यात पाणी साठलंय का हे कळतं, आणि सुई घालताना दिशा दाखवायला तिचा छान उपयोग होतो. पण चकतीचा आतल्या बाजूचा भाग हाडाच्या सावलीत झाकला जातो, त्यामुळे चकतीच्या निदानात ती एमआरआयची जागा घेत नाही. शिवाय ती करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून आहे, आणि जबड्याचा सांधा नेहमी बघणारे हात थोडे. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. तो कायदा हवाच. पण त्यामुळे दातांच्या दवाखान्यात सहज एक यंत्र ठेवलं असं होत नाही.

आणखी एक राहिलं होतं. एकाच बाजूचं कॉन्डाइल वाढत राहून हनुवटी वाकडी होत जाते, अशा तरुणांत टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन हाडांचा स्कॅन (बोन स्कॅन) करतात. वाढ अजून चालू आहे की थांबली हे त्यात कळतं, आणि शस्त्रक्रिया कधी करायची ते त्यावर ठरतं.

कृष्णाकाठची | १४ एप्रिल, संध्याकाळी ५.३०

मंडळी, सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, तर पुढचं सांगणं माझं काम आहे.

कोल्हापूरला एका मुखशल्यचिकित्सकांकडे गेले. त्यांनी कानासमोर, कानशिलावर, गालाच्या आतून सगळं चाचपलं. क्लोज्ड लॉकच वाटतोय म्हणाले आणि पाच आठवडे व्यायाम दिला. मी वहीत रोज मिलिमीटर लिहायची. २४, २५, २७ करत ३० पर्यंत गेले आणि तिथेच अडकले. दुखणं कमी होईना. मग त्यांनी सांगितलं, सांधा सुईने धुवायचा विचार आहे, त्याआधी एमआरआय करा. यावेळी कारण कळलं होतं, म्हणून पैसे जड गेले नाहीत.

एमआरआयचा अनुभव लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. दोन्ही कानांवर हेडफोनसारखी कॉइल लावली. आधी तोंड मिटून, मग उघडून. उघडं राहावं म्हणून दातांमध्ये चक्क प्लास्टिकची सिरिंज आडवी धरायला दिली. लाळ गळत होती आणि गिळता येत नव्हतं, तेवढं अवघड गेलं. ठकठक आवाज मोठा, पण कापसाचे बोळे देतात. दाढेत चांदी आहे, तिने काही अडलं नाही. शेजारच्या बाईंच्या दातांना तारा होत्या, त्यांच्या चित्रात काळे डाग येतील असं त्यांना सांगत होते.

रिपोर्ट: उजवी चकती पुढे सरकलेली, तोंड उघडल्यावरही जागेवर येत नाही, सांध्यात पाणी. आणि डावीकडचीही चकती सरकलेली, पण उघडल्यावर जागेवर येते! डावी बाजू मला कधीच दुखलेली नाही. रात्रभर झोप लागली नाही. मग दंतरेषा डॉक्टरांचं एक-तृतीयांशवालं उत्तर पुन्हा उघडून वाचलं. सर्जननीही तेच सांगितलं, डावीकडे हात लावायचा नाही.

मार्चमध्ये भूल देऊन दोन सुयांनी उजवा सांधा धुतला. आज ३८ मिलिमीटर आहे. वर्गात पूर्ण तास बोलते.

दंतरेषा | १४ एप्रिल, रात्री ९.५०

ताई, किती आनंद झाला म्हणून सांगू! एक लक्षात घ्या, चकती बहुधा अजून पुढेच असेल. धुतल्याने ती परत बसते असं नाही. सूज आणि चिकटलेपण कमी होऊन सांधा मोकळा फिरायला लागतो, आणि चकतीच्या मागचा भाग कालांतराने भार सोसायला शिकतो. त्यामुळे पुढे कुणी पुन्हा एमआरआय काढून 'अजून सरकलेलीच आहे' म्हणालं, तरी ३८ मिलिमीटर आणि तुमची भाकरी यांवर विश्वास ठेवा.

सडेतोड सांगलीकर | १५ एप्रिल, सकाळी ८.१५

ताई, मनापासून बरं वाटलं. आईलाही वही करून दिली आहे, ती पट्टीने मोजते. ३४ आहे. डॉक्टर, तिच्या जुन्या एमआरआयच्या फिल्म आहेत, सीडी दिलीच नव्हती. पुढे दाखवायला त्या चालतील का?

मंद प्रकाश | १५ एप्रिल, सकाळी ९.४०

फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. सेंटरला जाऊन मागा, पुष्कळ ठिकाणी जुना डेटा जपलेला असतो. आईंचं नाव, तारीख आणि बिलाचा नंबर सोबत न्या.